नीळकंठाची खूण

बेलगुंडात त्या उन्हाळ्यात पोरासोरांच्या अंगावर कांजिण्या फुटल्या, तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं हे गाव. इथं कांजिण्यांना कांजिण्या म्हणत नाहीत, अम्मा आली म्हणतात. अम्मा येते, लेकराच्या अंगावर मोती मांडते, चार दिवस त्याला तापवते, खाजवायला लावते, रडवते आणि दहीभात खाऊन आल्या वाटेनं निघून जाते. पूर्वी एक थोरली अम्मा होती, ती माणसं उचलून न्यायची. तिला सरकारच्या टोचणीवाल्यांनी गावोगाव हुडकून हद्दपार केलं. मागं उरली ती ही धाकटी, खेळकर.

म्हणून बसम्माच्या सुनेच्या, महादेवीच्या पाठीवर सकाळी लाल पुरळ दिसला आणि दुपारपर्यंत त्यात पाणी भरलं, तेव्हा बसम्मानं आधी हात जोडले. मग दाराला लिंबाचा डहाळा खोवला आणि घरात फोडणी द्यायची बंद केली.

घरात दोघीच होत्या. बसम्माचा मुलगा शिवप्पा बैलं घेऊन गुरांच्या छावणीवर गेला होता. त्याला कळवायचं नव्हतं, कारण अम्मा घरात असताना नवऱ्यानं उंबरा ओलांडायचा नसतो. महादेवीचं माहेर नांदेड जिल्ह्यात, बिलोलीच्या अंगाला. तिकडंही निरोप धाडायचा नव्हता. आणि सगळ्यांत मोठा नियम शिवेचा. बोळवण होईपर्यंत अम्मा ज्या गावात उतरली त्याच गावची. तिला अंगावर घेतलेल्या माणसानं गावाची शीव ओलांडायची नाही. हे नियम कुणी सांगितलेले बसम्माला आठवत नव्हते, पण कुणी मोडलेलेही तिनं पाहिले नव्हते.

"लहानपणी आली नव्हती का गं तुला?" लिंबाच्या पाल्यावर गोधडी अंथरत तिनं विचारलं.

"न्हाई आत्या. आमी शेतातच राहायचो, आखाड्यावरच्या खोपीत. गावातल्या लेकरांत कवा खेळलोच न्हाई."

"मग तुझी भेट राहिली होती म्हण तिची. पोटातल्यालाबी दर्शन झालं."

महादेवीला सातवा सरत आला होता. ती हसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "त्यो लई लाथा मारून राहिलाय. त्याला न्हाई आवडली वाटतं पाहुणी."

पहिले दोन दिवस ती इतर लेकरांसारखीच चरफडली. अंग खाजवू नये म्हणून बसम्मा तिच्या हातात लिंबाची फांदी देई, तिनं हलकेच अंगावरून फिरवायची. ताप होता, तोंडात, घशातही फोड होते. खोलीचं दार बसम्मानं लोटून घेतलं होतं. आत मातीच्या खापरात ऊद आणि लिंबाचा पाला धुमसत ठेवला होता. मधल्या भिंतीपलीकडं चूल होती आणि दुष्काळात सरपण म्हणून तुराट्याच तेवढ्या उरल्या होत्या. त्या जळताना घरभर असा धूर व्हायचा, की दिवा लावला तरी त्याच्याभोवती पिवळं कडं दिसायचं.

त्या धुरात महादेवीला खोकला लागला. कोरडा, बारीक, थांबून थांबून येणारा. ऊद लागला असेल, बसम्मानं म्हटलं.

मग एके सकाळी महादेवी शांत झाली.

बसम्मा आत आली तेव्हा ती भिंतीला पाठ न टेकता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, ताठ बसली होती. मोकळे केस खांद्यांवर आले होते. डोळे उघडे होते. अंगावर नवे फोड उठले होते, जुन्यांवर खपली धरत होती, आणि तरीही तिचा हात एकदाही खाजवायला गेला नाही.

"नीज की गं जरा."

"बसूनच... बरं."

"खाज?"

"न्हाई."

"दुखतंय काय?"

महादेवी हसली. ते हसू बसम्माच्या ओळखीचं नव्हतं. तिची सून खळखळून हसायची. हे हसू ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं, विसरून गेल्यासारखं.

"आत्या," ती म्हणाली, "शेजारी... कोण बसलंय?"

बसम्माच्या शेजारी कुणी नव्हतं. पाण्याचा तांब्या होता आणि धूर होता. बसम्मा उठली नाही. तिनं त्या रिकाम्या जागेला पदर लावून नमस्कार केला.

दुपारी व्यंकटी पाया पडायला आला. शेजारचाच शेतकरी, चाळिशीचा, तोंडात विडी नाही असा घटकाभरही न राहणारा. अम्मापुढं येताना मात्र त्यानं विडी विझवून कानावर अडकवली. त्याच्या लेकरांना नुकतीच अम्मा येऊन गेली होती. त्यानं उंबऱ्यात गुडघे टेकले आणि महादेवीची ती बैठक पाहून त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"अम्मा, औंदा तरी पाऊस पडंल का?"

बसम्मा त्याला गप्प करणार होती. पण महादेवीनं डोळे त्याच्याकडं वळवले.

"पडंल," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पर..."

आणि पुढं बोललीच नाही. ओठ हलले, शब्द आला नाही. नजर व्यंकटीच्या डोक्यावरून मागं, दारातल्या उजेडाकडं गेली.

दिवस मावळायच्या आत गावभर तो 'पर' फिरला. पडंल, पर कुणाच्या रानात? पडंल, पर काय घेऊन? पारावर वाद झडले. गुरुबसप्पा म्हातारा म्हणाला, की देव कधी सबंध बोलत नाही, अर्धं माणसानं ओळखायचं असतं. गुरुबसप्पाच्या तोंडावर थोरल्या अम्माचे व्रण होते आणि एक डोळा तिनंच नेला होता; अम्माच्या बाबतीत त्याच्या शब्दापुढं कुणी जात नसे.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. हात हलवत देवाच्या दारी जायचं कसं? नारळ कुणाला परवडत नव्हता. तेव्हा जे त्या गावात नारळापेक्षा महाग होतं ते लोक आणू लागले. पाणी. प्रत्येकजण एकेक तांब्या आणायचा आणि अम्माच्या नावानं बसम्माच्या रांजणात ओतायचा. नवा लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा होता. टँकर दिवसाआड यायचा. त्याच्यावर 'लातूर' असं ताज्या पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं आणि उन्हं तिरपी झाली की त्याखालून जुनं 'उस्मानाबाद' वर आलेलं दिसायचं. टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडून जाई आणि मग पोहऱ्यांची मारामारी. बसम्माला आता त्या झुंबडीत जावं लागत नव्हतं.

"काकू, तुमच्या घरी तर टँकर न येताच रांजण भरला की," व्यंकटी म्हणाला.

"गप रे. अम्माचं हाय ते."

"अम्मा किती पिती? उरलं तर आमच्या म्हशीला द्या."

बसम्मा हसली. खरं तर तिनं त्या सकाळी किती महिन्यांनी पायावर सबंध तांब्या ओतून घेतला होता. ओलं पाऊल फरशीवर उमटलं तेव्हा तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

माणसं विचारत, महादेवी उत्तर देई. उत्तरं दिवसेंदिवस आखूड होत चालली होती. आधी दोन शब्द, मग एक, मग नुसती मान. जितकं कमी बोले तितका तिचा शब्द जड होत गेला. आवाज कुठूनतरी लांबून, रिकाम्या आडातून यावा तसा येई. ती कुरकुरत नव्हती, रडत नव्हती, काही मागत नव्हती. पेज पुढं केली तर एक घोट घेई आणि भांडं बाजूला सारी. एकदा खोकल्याची उबळ आली आणि तिनं फडक्यात थुंकलं. फडकं गुलाबी झालं.

"कुंकू," दारातली एक बाई दबक्या आवाजात म्हणाली. "अम्मानं कुंकू टाकलं." आणि ते फडकं मागून घेऊन, कपाळाला लावून, घरी घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी गुरुबसप्पा आला. तो एका डोळ्यानं महादेवीकडं बराच वेळ बघत राहिला. मग काठीचं टोक तिच्या ओठांच्या दिशेनं उचललं.

"बगितलंस, बसम्मा?"

बसम्मानं बघितलं. सुनेच्या ओठांवर जांभळट निळाई आली होती. हाताच्या बोटांची नखंही तशीच, जांभूळ चिरडल्यासारखी.

"नीळकंठाची खूण हाय," म्हातारा म्हणाला. "आपल्या शिवाची. त्यानं जगाचं जहर घशात धरलं, ही गावाचं धरून बसलीय. आता हिला कुणी हलवायचं न्हाई. बोळवणीच्या दिवशी पाऊस येतंय का न्हाई बग."

बसम्मा लिंगायताच्या घरात जन्मली होती. गळ्यातलं लिंग तिनं मुठीत धरलं. आपल्या धुरानं काळ्या पडलेल्या खोलीत शिवानं खूण धाडावी, या विचारानं तिला रडू आलं. रात्री ती सुनेच्या पायाशीच झोपली, आनंदात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माणसांचं येणं-जाणं थांबलं होतं. बाहेर ऊन असं होतं, की कुत्रीही भिंतीच्या सावलीतून हलत नव्हती. बसम्मा सुनेजवळ टेकली. महादेवीचे डोळे अर्धे मिटले होते, तरी ती तशीच ताठ. बसम्माला वाटलं, पोरीला जरा झोप लागली तर बरं.

बसम्माची एक जुनी सवय होती. रडून दमलेलं लेकरू झोपवायचं असलं, किंवा वेणा देणारी गाय घाबरी झाली, की ती जवळ बसून आपला श्वास त्याच्या श्वासाला जुळवायची. त्याचा वर तर हिचा वर, त्याचा खाली तर हिचा खाली. एकदा दोघांचा सूर लागला, की मग ती आपला श्वास हळूहळू लांबवत न्यायची आणि समोरच्याचाही त्याच्या मागोमाग लांबायचा. शिवप्पा असाच झोपायचा. गावातल्या किती गाई अशा निवल्या होत्या.

तिनं महादेवीच्या दंडावर हात ठेवला आणि तिच्या श्वासात आपला श्वास घातला.

थोडं चालल्यावर बसम्माच्या छातीत भरून आलं. आणखी थोडं, आणि कानात घुंगरू वाजल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचू लागले, खोलीतला दिवा एका बाजूला कलला. तिला पुढं नेववेना. तिनं भिंतीला हात टेकला आणि थांबली.

बसम्मा थांबली. महादेवी थांबली नाही.

बसम्माचं भान जाग्यावर आलं तेव्हा तिनं पहिल्यांदा सुनेचं तोंड सोडून तिच्या छातीकडं बघितलं. गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. बरगड्यांमधली कातडी आत जात होती. नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या, पळत सुटलेल्या घोड्यासारख्या. तोंडावर मात्र तेच हसू. बसम्माच्या मनात आलं, ही पळून राहिलीय. बसल्या जागी, ताठ बसून, ही पोरगी जिवाच्या आकांतानं पळून राहिलीय, कितीतरी दिवसांपासून, आणि मी तिच्यापुढं ऊद घालत बसलेय.

मग दुसरा विचार आला. अम्माला श्वास कशाला लागतोय? देवीला धाप कशी लागंल?

तिनं पोटावर हात ठेवला. पोट गरम होतं आणि गप्प होतं. बराच वेळ तिनं हात हलवला नाही. शेवटी आतून काहीतरी हललं, अगदी नावापुरतं, पाण्याखाली मासा वळावा तसं.

"महादेवी. ए पोरी. भ्याव वाटतंय का तुला?"

"न्हाई," महादेवी म्हणाली. "छान... वाटतंय."

बसम्माला आयुष्यात इतकं भयंकर काही ऐकल्याचं आठवत नव्हतं.

थोड्या वेळानं टँकर आला तेव्हा निम्मं गाव विहिरीवर होतं. ड्रायव्हर नरसिंग पाइप सोडून विहिरीच्या काठावर उकिडवा बसला होता. बसम्मा गर्दीतून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"लातूरला चाललास ना परत? माझ्या सुनेला घेऊन चल. दवाखान्यात."

नरसिंगनं तिच्याकडं, मग तिच्या मागं बघितलं. पोहरे थांबले होते.

"कुणाला घेऊन?" गुरुबसप्पाची काठी पुढं आली. "डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं? बोळवण झाली न्हाई. शिवेच्या पल्याड अम्मा गेली तर पाऊस तिच्या मागं जाईल. गावानं काय करायचं?"

"अम्मा न्हाई ती."

"काय म्हणलीस?"

"अम्मा न्हाई ती, गुरुबसप्पा. माझी सून हाय. तिला धाप लागलीय. अर्धं बोलती ते दम पुरत न्हाई म्हणून. निळाई शिवाची न्हाई. तिची हाय."

कुणीतरी 'शिव शिव' म्हणालं. व्यंकटी पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, केविलवाणं काहीतरी होतं. "काकू, मग आमी इतके दिवस पाणी कुणाला घातलं?"

"मला," बसम्मा म्हणाली. "मी पिले. पाय धुतले. रांजण अजून भरलेला हाय, घेऊन जावा ज्याचं त्यानं. आणि अम्माचा कोप व्हायचा असंल तर माझ्या डोस्क्यावर होऊ दे. तिच्या न्हाई, तुमच्या न्हाई. माझ्या."

ती वळली आणि घराकडं चालू लागली. कुणी वाट अडवली नाही, कुणी मदतीलाही आलं नाही. शेवटी नरसिंगच आला आणि दोघांनी मिळून महादेवीला टँकरच्या केबिनमध्ये बसवलं. ती जेमतेम चार पावलं चालली असेल, तेवढ्यात तिचं सगळं तोंड निळं झालं, आणि तरी ती हसत होती.

शिवेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाजवळ नरसिंगनं गाडी सावकाश केली. "जाऊ ना, अव्वा?"

"जा."

दगड मागं पडला. महादेवीनं मान वळवून खिडकीतून मागं बघितलं.

"ती... उतरली," ती म्हणाली.

"कोण गं?"

"तुमच्या... शेजारची."

नरसिंगनं दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट केले. बसम्मानं मागं वळून बघितलं नाही. रिकाम्या टाकीत तळाशी राहिलेलं पाणी दर खड्ड्याला डचमळत होतं आणि तो आवाज त्यांच्याबरोबर लातूरपर्यंत आला.

दवाखान्यात तारामती वाघमारे नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं महादेवीला दारातच बघितलं आणि बसम्माचा एक शब्दही ऐकायच्या आधी तिला वेगळ्या खोलीत नेलं. लोखंडी नळकांडं घरंगळत आणलं. त्याची नळी आणि नाकातोंडावर बसणारी वाटी लावली. मग छातीचा फोटो काढून आणला, आणि त्यानंतर बसम्माला बाहेर बाकावर बसवून शेजारी बसली.

"मावशी, हिला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या ना?"

"न्हाई."

"विडी ओढते?"

"अव्वव्व. न्हाई."

"घरात धूर?"

बसम्मानं खाली बघितलं. "ऊद. पाला. तुराट्या."

डॉक्टरनं फोटो उजेडात धरला. काळ्या छातीत सगळीकडं पांढरे बारीक ठिपके होते, सरकी उधळल्यासारखे.

"हे बघा. अंगावर जे आहे तेच आत आहे. लेकरांना हा रोग बहुतेक वेळा वरच्या वर खेळून जातो. मोठ्या माणसाला आला तर कधीकधी फुप्फुसात उतरतो. गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या महिन्यांत, जास्त. पोट वर चढलेलं असतं, दम आधीच तोकडा असतो, अंगाची झुंजायची ताकदही वेगळी झालेली असते. विडी ओढणाऱ्यांना, आधीच छातीचा आजार असलेल्यांना असंच. पुरळ उठल्यावर दोन-चार दिवसांत खोकला, मग धाप, मग थुंकीत रक्त."

"ते कुंकू म्हणून नेलं लोकांनी," बसम्मा म्हणाली.

तारामतीनं फोटो खाली ठेवला. तिच्या आजीच्या दारालाही असेच लिंबाचे डहाळे लागायचे; पुढं तिच्या वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव नदीत सोडले. पण आजी मरेपर्यंत कांजिण्यांना कांजिण्या म्हणाली नव्हती.

"पर ती भ्याली कशी न्हाई, बाई? तिला त्रासच न्हाई म्हणायची. हसायची."

"रक्तातला प्राणवायू कमी झाला की असं होतं कधीकधी. डोकं गुंगतं. नसलेली माणसं दिसतात. बरंच वाटतं. शरीर बुडत असतं आणि माणूस हसत असतो." ती उठली. "याला मारणारं औषध आज माझ्याजवळ नाही. श्वास टिकवायचा आणि रोग उतरायची वाट बघायची. पोटातलं बाळ जिवंत आहे. यापुढं मी काही कबूल करत नाही."

बसम्माला लहानपणी अम्मा येऊन गेली होती, म्हणून तिला आत बसू दिलं. ती महादेवीच्या पलंगाशी बसली. वाटीतून सुस्कारा येत होता. निळाई एकदम गेली नाही. संध्याकाळपर्यंत नखांच्या मुळाशी थोडा गुलाबी रंग दिसू लागला. आणि मग महादेवीचं ते हसू ओठांवरून गळून पडलं.

तिनं खोलीभर बघितलं. भिंत, नळकांडं, आपल्या हातांवरचे फोड. डोळे मोठे झाले. तिनं बसम्माचा हात असा धरला, की हाडं करकरली.

"आत्या. आत्या, मी मरून राहिले का? मला न्हाई मरायचं. आत्या, माझं लेकरू—" आणि ती रडायला लागली, वाटीच्या आत, तिचा आवाज घुसमटत.

बसम्मा घाबरून डॉक्टरला हाक मारायला उठली. तारामती दारातच होती.

"रडू द्या. हळू, पण रडू द्या. तिला आता कळतंय काय चाललंय ते." डॉक्टरच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा जरा सैलपणा आला. "भीती परत आली, मावशी. हे बरं झालं."

बसम्मानं ते रडणं रात्रभर ऐकलं. गाव तिच्या सुनेपुढं वाकलं होतं तेव्हाच्या शांततेपेक्षा ते तिला हजार पटीनं गोड वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात खपल्या पडायला लागल्या. महादेवी वाटीशिवाय काही वेळ बसू शकत होती. पोटातला लाथा मारू लागला होता. ती दूध नासलंय म्हणून भांडली, बसम्मानं वेणी घट्ट घातली म्हणून भांडली, आणि शिवप्पा छावणीवरून धावत आला तेव्हा सगळ्यांत जास्त त्याच्याशी भांडली. बेलगुंडात तिनं काय-काय सांगितलं होतं यातलं तिला काहीच आठवत नव्हतं.

त्याच दिवसांत व्यंकटी आला. त्याला आत सोडलं नाही, म्हणून तो खोलीबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता, एसटीत सांडू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलेला.

बसम्मा बाहेर आली. "हे कशाला आणलंस? इथं नळ हाय."

"गावानं धाडलंय." तो हसला. "गावात कुणी रागावलेलं न्हाई काकू. गुरुबसप्पा म्हणतंय, अम्माला पुसून ये. 'पडंल, पर' काय, तेवढं पुसून ये."

"तिला काय ठाऊक? तिला दम लागला होता रे. एवढंच होतं ते."

"हाव," व्यंकटी म्हणाला. पण मान डोलावली ती न पटल्यासारखी. "मग अम्मा... कुठं गेली?"

बसम्मा उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

त्यानं मधेच दम घेतला होता. जिना चढून आला म्हणून असेल. ती बघत राहिली. जिना चढून आलेला माणूस थोड्या वेळानं निवतो. व्यंकटी निवला नव्हता. तो बारीक खोकला, कोरडा, आणि विडीसाठी हात कानाकडं नेला. तिथं, कानामागं, केसांच्या कडेला पाण्यानं भरलेला एक टपोरा मोती होता. त्याच्या खाली मानेवर दुसरा. बटण उघड्या सदऱ्यातून छातीवर दिसणारे तिला मोजता येईनात.

"व्यंकटी, कधी आलं हे?"

"काय? हे? लेकरांचंच... उरलंसुरलं. काय न्हाई." तो तसाच हसत होता, कुणीतरी लांबून चांगलं काही सांगत असल्यासारखा. "मला तर... लई छान वाटून राहिलंय काकू."

बसम्मानं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि खाली ठेवला. कानावरची विडी काढून व्हरांड्याबाहेर फेकली. मग त्याच्या दंडाला धरून त्याला बाकावर दाबून बसवलं.

"बोलू नगंस. एक शब्द बोलू नगंस," ती म्हणाली, आणि त्याचा दंड न सोडता, दवाखाना दणाणेल अशा आवाजात तिनं हाक मारली, "डॉक्टरीणबाई!"